काठावरचा फ्यूग

सुरतेला बदली झाली तेव्हा मी उधन्यात खोली बघायला गेले, तर घरमालकांनी पहिलाच प्रश्न विचारला तो सायकलचा. सायकल चालवता येते का? मला वाटलं, खाली स्कूटर लावायला जागा नसेल. म्हटलं, येते की, कॉलेजला सायकलनंच जायचे. त्यावर त्यांनी माझ्या पायांकडे नीट पाहिलं. वाईट नजरेनं नाही, बाजारात बैल बघतात तसं. मग आत वळून म्हणाले, "अगं, ह्या चालतील." आतून काकूंचा आवाज आला की आधी काय करायचंय ते तरी सांगा त्यांना, मागचा भाडेकरू चौथ्या दिवशी पळाला.

काय करायचंय ते मला अकरा महिन्यांच्या करारातूनच कळलं. वीज बिल भाडेकरूनं भरायचं, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, आणि रोज संध्याकाळी सात ते आठ या वेळात घरमालकांच्या ऑर्गनला हवा द्यायची. नोटरीनं हे कलम तीनदा वाचलं आणि ऑर्गन म्हणजे कूलर का, असं विचारलं. काकांनी त्याला अर्धा तास समजावलं. सही करून बाहेर पडलो तेव्हा नोटरी कपाळ धरून बसला होता. मी मात्र बँकेत नोकरी करून असल्या कलमांना सरावलेली, शिवाय खोली हवेशीर होती, म्हणून मी सही ठोकली आणि चार वर्षं अडकले.

ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकांत असायचा तोच, पायानं भाता मारायचा. सुरतेतल्या एका मराठी मंडळाच्या अडगळीच्या खोलीत तो खुर्च्यांच्या ढिगाखाली पडला होता. मंडळानं तो काढायचं ठरवलं तेव्हा घेणारे काका एकटेच. घरी आणून त्यांनी त्याचे भात्याचे पायटे काढून वेगळे केले. कारण असं की, ज्या जर्मन लोकांचं संगीत त्यांना लिहायचं होतं, ते लोक म्हणे पायांनी हवा मारत नाहीत, पायांनी खालचे सूर वाजवतात. म्हणून काकांनी हातमागाच्या, पायानं दाबायच्या जुन्या पावड्या आणून त्या दोऱ्यांनी खर्जाच्या पट्ट्यांना जोडल्या. आता पाय वाजवण्यात गुंतले, तर भाता कोण मारणार? तर भाडेकरू. भात्याचे पायटे त्यांनी बाजूला काढून घेतले होते, त्यांच्यापुढे एक स्टूल, आणि स्टुलाचं तोंड भिंतीकडे. त्या भिंतीवरचा प्रत्येक पोपडा मला आजही डोळे मिटून काढता येईल.

काकांचं सगळं आयुष्य सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका साडीच्या कारखान्यात गेलं. तिथं ते डिझाइन काढायचे. चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवायची, त्यावरून जॅकार्डच्या मागाला कळतं की कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा. हल्ली हे काम कॉम्प्युटरवर होतं, पण काकांच्या हातची बॉर्डर बाजारात चालते म्हणून शेठनी त्यांना ठेवून घेतलं होतं. ते कागदावर काढत, आणि शेजारच्या खोलीतला ऑपरेटर तो कागद स्कॅन करून मागाला चढवत असे. कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.

जर्मन संगीताची बाधा त्यांना मागावरच झाली. नवीन मशीन बसवायला तिकडचा एक मेकॅनिक आला होता. मागांच्या खडखडाटात तो कानात इअरफोन घालून शांतपणे स्क्रू पिळत असायचा. काकांना वाटलं, कानात कापूस घातलाय. त्यानं एक इअरफोन काढून काकांच्या कानात घातला, आणि काका त्याचा पाना हातात धरून तसेच उभे राहिले. आत ऑर्गनवर एक सुरावट निघाली होती. ती अर्ध्यात असतानाच दुसऱ्या जागेवरून तीच सुरावट पुन्हा निघाली, मग तिसरी, मग चौथी, आणि कुणी कुणासाठी थांबेना आणि कुणी कुणाला अडवेना. ह्याला फ्यूग म्हणतात, असं त्या मेकॅनिकनं सांगितलं. काकांनी त्याला सांगितलं की ह्याला बॉर्डर म्हणतात. मेकॅनिक दोन आठवड्यांनी परत गेला. काकांनी त्याचा इअरफोन ठेवून घेतला.

तेव्हापासून तीनशे वर्षांपूर्वीचे ते सगळे जर्मन काकांच्या बोलण्यात घरच्यासारखे वावरू लागले. ते त्यांना सरसकट 'बुवा' म्हणत. थोरले बुवा, त्यांचे चिरंजीव, शेजारच्या गावचे बुवा. मला एखाद्या संध्याकाळी बँकेत उशीर झाला की ते तोंड पाडून सांगत, थोरल्या बुवांनी भाता मारणाऱ्याला कधी असं वाट बघायला लावलं नाही. मी म्हणायचे, काका, उलटं म्हणायचंय तुम्हाला, भाता मारणाऱ्यानं बुवांना लावलं नसेल. ते म्हणायचे, बराबर आहे, पण बसा आता.

त्यांना नोटेशन येत नव्हतं, येऊन हवंही नव्हतं. ते डिझाइनच्याच कागदावर लिहायचे. आडवी गेली ती वेळ, उभी गेली ती पट्टी. चार सुरावटींना चार रंग: खर्जाला काळा, मग तांबडा, मग निळा, आणि सगळ्यात वरच्याला हिरवा. त्यांनी अशा बऱ्याच चिजा केल्या. उसाच्या हंगामात चलथाणहून येताना मळीचा वास नाकात भरला म्हणून 'चलथाणचा टोकाटा' केला; टोकाटा म्हणजे बुवांची बोटं पळवायची चीज. त्यात डावा हात एकाच जागी चिकटून बसतो. पियानोसाठीसुद्धा एक मालिका केली, पण पियानो कुठं होता? डुमस रोडच्या एका हॉटेलच्या लॉबीत होता. काका तिथं गेले, तर मॅनेजरनं त्यांना मुंबईहून बोलावलेला पियानो दुरुस्तीवाला समजून वर चहा पाजला. काकांनी मालिकेतल्या तीन चिजा वाजवल्या. मॅनेजरनं कान देऊन ऐकलं आणि आवाज आता व्यवस्थित येतोय म्हणून पावतीवर सही मागितली. काकांनी ती केली. पुढं खरा दुरुस्तीवाला आला तेव्हा त्याला परत पाठवलं म्हणे.

पण त्यांचा जीव अडकला होता तो एका मोठ्या फ्यूगमध्ये. त्याला त्यांनी सहा वर्षं घातली. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा तरी कुणी ऐकावा, एवढीच त्यांची मागणी होती आणि तीच काही केल्या पुरी होत नव्हती. काकू दर वेळी निष्ठेनं ऐकायला बसायच्या आणि तांबडा सूर निघाला की कुकरची शिट्टी व्हायची. एका गणपतीत मंडळानं वेशभूषा स्पर्धा आणि अंताक्षरी यांच्यामध्ये सात मिनिटं दिली. टेम्पोतून ऑर्गन नेला, मी साडी नेसून भात्याला बसले. चौथी सुरावट निघाली मात्र, निवेदकाला वाटलं की पेटीत काहीतरी बिघाड झालाय. त्यानं माइक घेतला आणि तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. लोकांनी सहानुभूतीनं टाळ्या वाजवल्या. काका परत येताना टेम्पोत ऑर्गनला टेकून बसले होते. मला त्यांचा तेव्हा फार राग आला, कारण ते रागावले नाहीत.

घाई अशासाठी होती की काकांचे कान चालले होते. तीस वर्षं मागांच्या शेडमध्ये ऊठबस केलेल्या माणसाचं होतं तेच त्यांचं झालं. आधी बारीक आवाज जातात, मग हळूहळू खालचे. डॉक्टरांनी तक्ता काढून दाखवला तो काकांनी घडी घालून ठेवून दिला आणि ऑर्गनच्या पट्ट्यांवर खडूनं एक उभी रेघ मारली. रेघेच्या उजवीकडचं त्यांना ऐकू येत नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी ते एकेक पट्टी दाबून बघत आणि रेघ पुसून थोडी डावीकडे मारत. इतक्या निर्विकारपणे मारत, की जणू दुसऱ्याच्या शेताची हद्द आहे. फ्यूगच्या शेवटी हिरवा सूर चढत चढत जिथं थांबायचा, ती जागा आता रेघेच्या पलीकडे गेली होती. मी एकदा म्हटलं, काका, अख्खा फ्यूगच खाली उतरवा ना. ते म्हणाले, "तो त्याच्या जाग्यावर आहे, ताई. हललोय तो मी."

आणि अशात ती भानगड झाली. फ्यूगचे कागद काका बरोबर कारखान्यात न्यायचे, जेवणाच्या सुट्टीत खाडाखोड करायला. प्रत एकच. नक्कल काढली की चुकांचीही नक्कल निघते, असं त्यांचं म्हणणं. दसऱ्याच्या सुमारास त्यांना ताप आला, ते तीन आठवडे घरी राहिले, आणि कागद टेबलावर राहिले. ऑपरेटरनं नेहमीप्रमाणे टेबलावरचे कागद उचलले, सगळे ओळीनं स्कॅन केले आणि मागावर चढवले. त्याची तरी काय चूक? मास्तरांच्या टेबलावर, मास्तरांच्या हातचं, चौकटीच्या कागदावर, चार रंगांत काढलेलं. साडेपाच मीटर साडीच्या काठावर तो फ्यूग सुरुवातीपासून शेवटपर्यंत विणला गेला. नमुन्याची एक साडी निघाली.

शेठना ती भारी आवडली. फक्त एक खोट दिसली, की नक्षी कुठं परत येतच नाही. बाजारच्या साडीला हे परवडत नाही. त्यांनी पहिला वीतभर भाग ठेवला, तोच पुन्हा पुन्हा जोडला आणि बाकीचं ऑपरेटरला पुसून टाकायला लावलं. दिवाळीच्या साफसफाईत कागद रद्दीत गेले. काका तापातून उठून कामावर गेले तोवर रिंग रोडच्या मार्केटमध्ये ती बॉर्डर धडाधड खपत होती. काका शेठच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, ह्याला शेवट होता. शेठ माणूस वाईट नव्हता. त्यानं काकांना बसवून घेतलं, पाणी दिलं आणि प्रेमानं विचारलं, "छेवटनी शुं जरूर छे, मास्तर? आ तो बहु चाल्युं."

काकांना शेवटची दोन पानं आठवेनात. सुरुवात पाठ होती, मधलं बाजारातल्या साडीसारखं अंदाजानं जोडता आलं, पण शेवटी चारही सुरावटी एकमेकींच्या अंगावर येतात आणि तरी अडकत नाहीत, ती गाठ त्यांनी वर्षभर खपून बसवली होती. नव्यानं बसवायची तर हिरवा सूर ऐकू यायला हवा, आणि तो रेघेपलीकडे. मी भाता मारत बसायचे, ते एका जागेपर्यंत यायचे आणि थांबायचे. रोज त्याच जागी. मग म्हणायचे, चला, आज एवढंच. मी भिंतीकडे तोंड करून बसलेली असायचे हे बरं होतं.

उरली होती ती नमुन्याची एक साडी. चौकशी केली तर कळलं, की असल्या नमुन्याच्या साड्यांचा ढीग शेठनी दिवाळीला कामगारांच्या घरी वाटला. कुणाला कुठली गेली ह्याची नोंद कोण ठेवतो? काकांनी कारखान्याच्या फळ्यावर सूचना लावली की काठावर चार रंगी, कुठंही परत न येणारी नक्षी असलेली साडी ज्याच्या घरी गेली असेल त्यानं मास्तरांना भेटावं. एकही माणूस भेटला नाही. सगळ्यांना वाटलं, चुकून भारी माल वाटला गेला आणि आता परत घेणार. ज्यांच्याकडे साधी आली होती त्यांनीही ती ट्रंकेच्या तळाशी घातली.

मग काकांनी लग्नं धरली. ओळखीची, बिनओळखीची. एकदा मला बरोबर घेऊन गेले. हॉलमध्ये शिरताच त्यांना एका धिप्पाड बाईंच्या अंगावर ती बॉर्डर दिसली आणि ते तिच्यामागं निघाले. डोळे काठावर, तोंडानं सुरावट गुणगुणतायत. बाई वळल्या की हे वळायचे, बाई जिलबीच्या रांगेत गेल्या की हेही रांगेत. आणि त्यांना कळलं की ही बाजारातलीच, कापलेली. ते भर मांडवात त्या काठाला बोट लावून ओरडले, "परत तेच, परत तेच, परत तेच." बाईंचे यजमान बाह्या सारत आले. मी मध्ये पडून सांगितलं की हे साडीचे डिझाइनर आहेत, माल तपासतायत. यजमानांचा चेहरा पालटला. त्यांनी काकांना बाजूला घेऊन विचारलं की मग हिचा रंग जाणार नाही ना. काकांनी त्यांना मनापासून सांगितलं, रंग नाही जाणार, पण ही अर्धवट आहे.

शेवटी अक्कल चालवली ती काकूंनी. त्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू काढलं. ऑर्गननं दिवाणखाना अडवल्यापासून त्यांच्या घरी हळदीकुंकू झालंच नव्हतं. त्यांनी कारखान्यातल्या झाडून सगळ्या घरी मला आमंत्रणाला फिरवलं, मास्तरांचं नाव न काढता, फक्त 'काकूंकडे' म्हणून. नवऱ्यानं लपवायला सांगितलेली नवी साडी बाई हळदीकुंकवाला नेसल्यावाचून राहायची नाही, हा त्यांचा हिशोब. काकांना स्वयंपाकघरात कोंडलं होतं. ते पडद्याच्या फटीतून एकेक काठ बघत होते आणि मान हलवत होते. पंधरा-वीस बायका होऊन गेल्यावर कोसाडच्या सुमनबाई आल्या, एका मागवाल्याची बायको, खानदेशातली. त्यांनी वाण घेऊन पदर पुढं केला आणि पडदा रॉडसकट खाली आला.

सुमनबाईंना पटवणं सोपं नव्हतं. काकांनी हात जोडून सांगितलं की साडी नको, नुसती तासभर वाचायला हवी. हे ऐकून त्या जास्तच सावध झाल्या. साडी वाचायची कशी, आणि वाचून झाल्यावर परत मिळणार का? बाकीच्या बायका तिळगूळ घेऊन निघून गेल्या तरी हे चाललं होतं. शेवटी काकूंनी आपली पैठणी काढून त्यांच्या हातात ठेवली, तोवर ही नेसा म्हणून. पैठणी नेसून सुमनबाई बाहेर आल्या, पण स्वतःची साडी त्यांनी हातातून सोडली नाही. "मना हातमाच राही," असं बजावून त्या ऑर्गनला खेटून उभ्या राहिल्या.

तर असं झालं. त्यांनी साडीचा काठ ऑर्गनच्या माथ्यावर धरला आणि काका वाजवतील तसा पुढं सरकवत गेल्या. मी स्टुलावर बसून पाय मारू लागले. एक वाजवणारा, एक काठ सरकवणारी, एक हवा देणारी, आणि काकूंनी त्या दिवशी कुकर लावला नव्हता. काळा निघाला, तांबडा निघाला, निळा निघाला, हिरवा निघाला. रोजच्या थांबायच्या जागेवर काका आले आणि थांबले नाहीत. पाय चुकू नयेत म्हणून मी आकडे मोजत होते, उजवा एक, डावा दोन, भात्याचा करकर आवाज कानाशी, आणि मागं काय चाललंय ते बघायला वळता येईना. वळले तर हवा तुटली असती.

मग सगळे सूर एका जागी येऊन उभे राहिले. काकांनी पट्ट्या दाबून धरल्या आणि सोडल्याच नाहीत. माझ्या पोटऱ्यांत आग पेटली होती. कुणी थांब म्हणेना. तेवढ्यात काका मोठ्यानं बोलले, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं.

"सुमनबाई, हिरवा पोचला का?"

काकूंनी मला नंतर सांगितलं, की सुमनबाई सगळा वेळ हिरव्या धाग्यावर बोट फिरवत ऐकत होत्या आणि शेवटी बोट तसंच काठावर ठेवून उभ्या होत्या. मला फक्त त्यांचा आवाज आला.

"उना, मास्तर. समदास्ना मांगेन उना, पन उना."

हिरवा आला होता, सगळ्यांच्या मागून का होईना. काकांनी हात उचलले. मी पाय थांबवले. सुमनबाईंनी झालं का म्हणून विचारलं, आत जाऊन साडी बदलली, पैठणीची घडी घालून काकूंना दिली, आणि रिक्षा धरायची आहे म्हणून निघूनही गेल्या. त्या कोपऱ्यावरून वळल्यावर मला आठवलं की माझ्या खिशात फोन होता आणि त्या काठाचा एक फोटो काढायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. मी चप्पल शोधत धावले. काकांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, राहू द्या, तिची साडी आहे ती. नंतर त्यांनी खडूची रेघ पुसली आणि पुन्हा मारलीच नाही.

पुढच्या पावसाळ्यात माझी बदली नाशिकला झाली. काकांना आता काहीच ऐकू येत नाही, काकू फोनवर सांगतात. मी हे कुणाला सांगितलं की लोक हमखास विचारतात, बाकी जाऊ दे, तो फ्यूग होता कसा? आणि मला सांगता येत नाही. चार वर्षं मी त्याच्यापासून दोन हातांवर बसले होते आणि मी तो कधी ऐकलाच नाही, मी पाय मोजत होते. कसा होता ते विचारायचं तर कोसाडला सुमनबाईंना विचारा. मी एवढंच सांगू शकते, की त्या दिवशी हवा कमी पडली नाही.